प्रेक्षकाच्या खुर्चीचा प्रवास

२१ डिसेंबर १८७९ रोजी कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये हेन्रिक इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’चा पहिला प्रयोग झाला. नवरा आणि तीन मुलं मागे ठेवून नोरा घराबाहेर पडते आणि पडदा पडतो. जर्मनीतल्या एका नामवंत अभिनेत्रीने हा शेवट करायला साफ नकार दिला. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, म्हणून इब्सेनने नोरा घरातच थांबते असा पर्यायी शेवट नाइलाजाने लिहून दिला. तो फार काळ चालला नाही. मूळ शेवटच टिकला.

आधुनिक रंगभूमीबद्दल लिहिताना वास्तववादी, महाकाव्यात्म, असंगत ही वर्गवारी हाताशी असतेच. मला मात्र ही गोष्ट प्रेक्षकाची वाटते. दर पिढीच्या रंगकर्मींनी प्रेक्षकाकडून काहीतरी नवं मागितलं. इब्सेनने त्याला न्यायनिवाड्याला बसवलं आणि निकाल मात्र सांगितला नाही.

अशा नाटकांना मोठ्या थिएटरांची दारं सहजी उघडत नव्हती. पॅरिसच्या गॅस कंपनीत नोकरी करणाऱ्या आंद्रे आंत्वानने १८८७ साली ‘तेआत्र लिब्र’ सुरू केलं. प्रयोग फक्त वर्गणीदारांसाठी, त्यामुळे सेन्सॉरची कात्री चालत नसे. खाटिकखान्यावरच्या एका नाटकात त्याने रंगमंचावर खरं मांस टांगलं. नट गरजेप्रमाणे प्रेक्षकांकडे पाठ करून बोलू लागले. बर्लिनमध्ये १८८९ साली आणि लंडनमध्ये १८९१ साली याच धर्तीच्या संस्था निघाल्या. दोघींनीही सुरुवात केली ती इब्सेनच्या ‘घोस्ट्स’ने. मॉस्कोत स्तानिस्लाव्हस्की आणि नेमिरोविच-दान्चेन्को यांनी १८९८ साली चेखॉव्हचं ‘द सीगल’ उभं केलं. दोनच वर्षांपूर्वी पीटर्सबर्गमध्ये सपशेल पडलेलं हे नाटक इथे उचललं गेलं, कारण संवादांमधल्या शांततेलाही आता तालीम मिळाली होती.

नोरा पुढे पूर्वेकडे निघाली. १९११ साली टोकियोत अभिनेत्री मात्सुई सुमाकोने तिची भूमिका गाजवली. बारा वर्षांनी बीजिंगमध्ये विद्यार्थिनींसमोर बोलताना चिनी लेखक लू शुन यांनी विचारलं, की घर सोडल्यावर नोराचं पुढे काय होतं? हातात पैसा नसेल तर तिला परतावं लागेल किंवा तिची अधोगती होईल, असं त्यांचं परखड उत्तर होतं. मराठीत १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, तेही इब्सेनचा देशबंधू ब्यर्नसन याच्या नाटकावरून. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या.

बर्टोल्ट ब्रेख्तला भावनेत वाहून जाणारा प्रेक्षक नको होता. १९२८ साली बर्लिनमध्ये आलेल्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’त गाणी मध्येच उसळून गोष्ट अडवतात, म्हणजे पाहणाऱ्याने विचार करावा. पु. ल. देशपांडे यांनी त्याचं ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं, तेव्हा ही रीत आपल्याला परकी वाटली नाही. सोंगाड्या आणि गण-गवळण आपल्या रक्तातच होते. सॅम्युअल बेकेटने १९५३ साली ‘वेटिंग फॉर गोदो’मध्ये प्रेक्षकालाच वाट पाहायला लावलं. बुचकळ्यात पडलेले जाणकार पुष्कळ होते, पण १९५७ साली कॅलिफोर्नियाच्या सॅन क्वेंटिन तुरुंगातल्या कैद्यांना ते नाटक थेट भिडलं. वाट पाहणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

यानंतरची झेप मला सर्वांत मोलाची वाटते. केनियातल्या कामिरीथू गावी १९७७ साली न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांनी गिकुयू भाषेत नाटक लिहिलं. शेतकरी आणि कारखान्यातले मजूर नट झाले. तालमी उघड्यावर चालत. गावकरी थांबून ऐकत आणि जुन्या माणसांच्या तोंडी कोणतं बोलणं शोभेल, कोणतं गाणं कसं म्हणत, हे लेखकांना सुधारून देत. खुलं नाट्यगृहही त्यांनीच बांधलं. काही आठवड्यांतच सरकारने प्रयोगांचा परवाना काढून घेतला. वर्ष संपता संपता न्गुगी वा थिओंगो यांना अटक झाली आणि खटल्याविना ते वर्षभर कैदेत राहिले. १९८२ साली ते नाट्यगृहच सरकारने जमीनदोस्त केलं. इंग्रजीत लिहीत होते तोवर जे झालं नव्हतं, ते गावाच्या भाषेतल्या एका नाटकाने झालं.

ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल यांनी तुरुंग, छळ आणि हद्दपारी सोसून ‘शोषितांची रंगभूमी’ उभी केली. त्यात अन्यायाचा प्रसंग पुन्हा सुरू होतो आणि प्रेक्षक ‘थांबा’ म्हणून स्वतः रंगमंचावर येतो, वेगळा मार्ग करून पाहतो. नव्वदच्या दशकात रिओचे नगरसेवक झाल्यावर बोआल यांनी याच रीतीने लोकांकडून कायद्यांचे प्रस्ताव मिळवले. नोराचं पुढे काय, या प्रश्नाचं उत्तर आता सभागृहातूनच मागितलं जाऊ लागलं.

प्रेक्षकाला काय झेपेल हे त्याच्या वतीने आधीच ठरवतं ते सेन्सॉर. ब्रिटनने नाटकांचं सेन्सॉर १९६८ साली रद्द केलं. आपल्याकडे ‘सखाराम बाइंडर’ या नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि संहिता आजही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवावी लागते. दीडेकशे वर्षांचा हा इतिहास नेमका उलट सांगतो. कोपनहेगनपासून कामिरीथूपर्यंत प्रेक्षकावर जेव्हा जेव्हा विश्वास टाकला, तेव्हा तेव्हा तो त्या विश्वासाला जागला. मराठी प्रेक्षकही जागेल. त्याच्या वतीने आधी नाटक वाचून ठरवण्याची गरज नाही.