गांजाचा कायदा बदलताना सरकारे का कचरतात?

२०२०च्या अखेरीस गोव्यात केवळ औषधी वापरासाठी गांजा लागवडीचा प्रस्ताव पुढे आला आणि विरोध होताच बारगळला. वास्तविक १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे दहावे कलम राज्यांना नियंत्रित लागवडीचा अधिकार देते. भांगेची पाने तर त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच आहेत. मग आडकाठी कसली? राजकीय हिशेबाची. कायदा शिथिल केल्यामुळे जो तरुण तुरुंगात जात नाही, त्याची बातमी होत नाही. एखादा दगावला, तर दोष त्याच दिवशी मंत्र्याच्या माथी येतो. नशेच्या व्यापाराने किनारे बदनाम झालेल्या राज्यात हे धाडस अधिकच महाग. मौजेखातर होणाऱ्या सेवनाला मोकळीक देण्याआड १९६१चा आंतरराष्ट्रीय करारही येतो, आणि ही सबब सरकारांना सोयीचीच वाटते. तूर्त गांजा ओढणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.