एक पाण्यात, एक किनाऱ्यावर
श्रीवर्धनच्या सहलीला जोडून समुद्राखाली डोकावू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी

पूर्वी आपल्या वस्तीतील सहल म्हणजे दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाड, वेरूळ-अजिंठा. आता मुले-मुली शिकली, नोकरीला लागली आणि घरात नवे शब्द आले. त्यातलाच एक शब्द म्हणजे स्कूबा डायव्हिंग. पाठीवर हवेचे सिलिंडर बांधायचे, तोंडात नळी धरायची आणि समुद्राखाली जाऊन मासे व प्रवाळ बघायचे. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी हे श्वसनयंत्र तयार केले. आज आपल्या कोकणातही ही हौस भागवता येते.

अडचण येते ती घरात. दोघांपैकी एकाला पाण्याखाली जायचे असते आणि दुसऱ्याला पाण्याची भीती वाटते. कधी पतीला हौस असते आणि पत्नी नको म्हणते, तर कधी पत्नी तयार असते आणि पतीचेच पाय लटपटतात. मग एक तर सहल रद्द होते, नाही तर एक जण मजा करतो आणि दुसरा मुलांना व पिशव्यांना सांभाळत वाळूत बसून राहतो. वर्षभर पै-पै साठवून काढलेल्या सहलीत घरातील एकाच्या वाट्याला नुसती वाट पाहणे यावे, हे आपल्या विचारात बसणारे नाही. म्हणून या सहलीची आखणी कशी करावी, याचा हा विचार.

भीतीला हसू नका

पाण्याची भीती हा काही दोष नव्हे. ज्या समाजाला सार्वजनिक तळ्याच्या काठावर पाय ठेवण्याची मनाई होती, त्या समाजाच्या घरात पोहण्याची परंपरा येणार कोठून? १९२३ साली मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले असल्याचे जाहीर केले, तरी पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा आपल्या माणसांवर हल्ले झाले. कोर्टातला अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे लढावे लागले, तिथे पोहायला कोण शिकवणार होते? पुढे शहरात आलो तर चाळीत नळाला रांग होती. मुलींना तर पोहण्याचा विचारही शिवू दिला गेला नाही.

तेव्हा आपल्या जोडीदाराला पाण्याची भीती वाटत असेल, तर चारचौघांत थट्टा करू नका. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात पत्नीचा सन्मान करणे हे पहिले आणि तिचा अवमान न करणे हे दुसरे आहे. हीच वागणूक पत्नीकडून पतीलाही मिळावी.

आग्रह न करण्यामागे आणखी एक व्यवहारी कारण आहे. जबरदस्तीने पाण्याखाली नेलेला माणूस घाबरतो, श्वास रोखून धरतो, वर येण्यासाठी धडपडतो. पाण्याखाली हीच गोष्ट जिवावर बेतते. जाणत्या डायव्हरांमध्ये एक नियम पाळला जातो. कोणीही, कधीही, कारण न सांगता ‘मी आज जात नाही’ असे म्हणू शकतो आणि त्याला कोणी जाब विचारायचा नाही. अनोळखी माणसे एकमेकांना इतका मान देतात, तर नवरा-बायकोने तो का देऊ नये?

श्रीवर्धनचा समुद्र आणि मालवणचा समुद्र

श्रीवर्धनलाच डायव्हिंग का करू नये, असे कोणी विचारील. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी महाडवरून वाहत येऊन हरिहरेश्वर-बाणकोटजवळ समुद्राला मिळते. राजपुरीची खाडीही याच टापूत आहे. नद्या-खाड्यांच्या गाळाने इथले पाणी गढूळ राहते. पाण्याखाली गेले तरी फारसे दिसणार नाही. श्रीवर्धनचा किनारा फिरण्यासाठी, बसण्यासाठी आणि पाण्याशी पहिली ओळख करून घेण्यासाठी उत्तम आहे. डायव्हिंगसाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण-तारकर्लीला जावे. तिथे खडकाळ भाग व प्रवाळ आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे.

पावसाळ्यात हे सारे बंद असते. पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू निवळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात गर्दी व दर दोन्ही वाढतात, म्हणून तो टाळावा. मे महिन्याच्या अखेरीस तर जाऊच नये. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. समुद्र खवळू लागला की हौसेला आवर घालणे हाच शहाणपणा.

सहलीचे दोन समान भाग

आमची सूचना अशी, की सहलीचे सरळ दोन भाग करावेत. पहिला भाग मालवणचा, तो पाण्यात जाणाऱ्याचा. दुसरा भाग श्रीवर्धनचा, तो पाण्यात न जाणाऱ्याच्या मर्जीचा. दिवस सारखे आणि खर्चाची रक्कमही शक्यतो सारखी. डायव्हिंगवर जेवढे पैसे जातील, तेवढीच रक्कम दुसऱ्याच्या नावाने वेगळ्या पाकिटात ठेवावी. त्या पाकिटातून काय घ्यायचे किंवा कोठे जायचे, हे त्याने किंवा तिने ठरवावे. असे केले की ‘तुझ्यामुळे पैसे गेले’ हे वाक्य घरात येत नाही.

मालवण आधी ठेवण्याला कारण आहे. समुद्र एखाद्या दिवशी साथ देत नाही. हाताशी एक जादा दिवस असला तर डायव्हिंग पुढे ढकलता येते. परतीच्या आदल्या दिवशी ते ठेवले, तर पैसे वाया जाण्याच्या भीतीने माणूस खराब हवेतही उतरतो.

प्रवास असा करावा. कोकण रेल्वेने कुडाळला उतरून एस.टी.ने मालवण. तिथे तीन दिवस. मग रेल्वेने वीर किंवा माणगाव. वीरला उतरलात तर महाड जवळ आहे. माणगावहून म्हसळामार्गे श्रीवर्धनला एस.टी. जाते. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, ते लगेच करावे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट आहे, त्याचा लाभ घ्यावा. एवढी रजा मिळत नसेल, तर या वर्षी तीन दिवसांचे श्रीवर्धन करावे आणि मालवण पुढच्या वर्षावर ठेवावे. दरम्यान पोहणे शिकता येईल.

पाण्यात जाणाऱ्याने काय जाणावे

मालवणला पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षक हाताला धरून थोड्या खोलीवर नेतात. तरीही आधी पोहणे शिकून घेतलेले बरे. मुंबईत महापालिकेचे जलतरण तलाव आहेत, उन्हाळ्यात तिथे शिकण्याचे वर्गही भरतात. रीतसर प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करायचा तर साधारण २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे पाण्यावर तरंगणे जमावे लागते. बहुतेक प्रशिक्षण संस्था १० वर्षांखालील मुलांना समुद्रात डायव्हिंग करू देत नाहीत.

पाण्याखाली १० मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. त्यामुळे खाली जाताना कान दुखतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की कानातील दाब सारखा होतो. कान दुखत असताना तसेच खाली जाऊ नये. दुसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना फुप्फुसातील हवा प्रसरण पावते, तेव्हा श्वास चालूच हवा.

दमा, हृदयविकार, फेफरे, कानाचा जुना आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. गर्भवती भगिनींनी जाऊच नये. सर्दी असेल तर बेत पुढे ढकलावा. आजार लपवून फॉर्मवर सही करू नये, कारण त्या सहीने आजार बरा होत नाही. विमानाने परतणार असाल तर शेवटच्या डायव्हिंगनंतर १८ तास थांबावे. मद्य घेऊन पाण्यात उतरणे म्हणजे मृत्यूला बोलावणे. पंचशील पाळणाऱ्या घरात हे वेगळे सांगायला नको. तसेच प्रवाळ तोडू नयेत, त्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. प्रशिक्षकाजवळ प्रमाणपत्र आहे का? एका प्रशिक्षकामागे किती जण? बोटीवर प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का? बोट, साहित्य, फोटो, व्हिडिओ धरून एकूण किती पैसे? उत्तर देण्याची टाळाटाळ झाली तर पुढच्याकडे जावे.

किनाऱ्यावरच्या जोडीदाराने काय करावे

प्रत्यक्ष पाण्याखालचा वेळ थोडा असतो. पण नोंदणी, सराव, बोटीचा प्रवास, आपला नंबर येणे यात अर्धा दिवस जातो. हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे किनाऱ्यावरचा जीव टांगणीला लागत नाही. बोटीतून सोबत जायचे असेल तर लाइफ जॅकेट घालूनच बसावे. मीही येतो, पण खाली जाणार नाही, असे म्हणणाऱ्याला मास्क व नळी लावून, लाइफ जॅकेटसह पाण्याच्या पृष्ठभागावरून खाली बघता येते. तेही नको असेल तर नको.

मालवणला शिवरायांनी १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला आहे. तो मात्र दोघांनी मिळून बघावा. मुले कोणी सांभाळायची, याचाही हिशेब हवा. सकाळी एकाने सांभाळली तर संध्याकाळी दुसऱ्याने सांभाळावी. दुसऱ्याला किनाऱ्यावर एकटे चालायचे असेल, बाजार करायचा असेल किंवा नुसते झोपायचे असेल, तर तो त्याचा हक्क आहे.

दुसरा भाग : श्रीवर्धन

श्रीवर्धनला आले की घाई संपते. रोठा सुपारी ही इथली ओळख. कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही इथे आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. एक पोफळ फळाला यायला किती वर्षे जातात, हे बागायतदाराकडून ऐकावे. सकाळी जीवना बंदरावर मासळी उतरते, ते पाहण्यासारखे आहे.

इथे पाण्याची भीती असलेल्याने घोट्याइतक्या पाण्यात उभे राहावे, जोडीदाराने हात धरावा. त्याहून पुढे जायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. समुद्र एकदम खोल होत नाही, क्रमाक्रमाने होतो, असा दाखला तथागतांनी धम्माच्या शिकवणीसाठी दिला आहे. शिकणाऱ्यालाही तीच पद्धत लागू पडते. भरती-ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्यात उतरू नये. हरिहरेश्वरच्या कातळावर लाटा अचानक चढतात, तिथे फोटोसाठी कडेला जाऊ नये.

मग निघावे आपल्या इतिहासाकडे. श्रीवर्धनहून सुमारे २० कि.मी.वर हरिहरेश्वर, त्याच्या पुढे बागमांडला. तिथून फेरी बोटीने सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडे वेश्वी, मग मंडणगड आणि मंडणगड तालुक्यातील आंबडवे, म्हणजे बाबासाहेबांचे मूळ गाव. हौस आणि सवड असेल तर दापोलीजवळ माता रमाईंचे वणंद आहे.

दुसऱ्या दिवशी तळा तालुक्यातील कुडा लेणी बघावीत. मांदाडच्या खाडीवरच्या डोंगरात २६ लेणी आहेत. त्यांतील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यात माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे, भिक्खुणी आहेत, संसारी स्त्रियाही आहेत. साधी कष्टकरी माणसे समुद्रमार्गे चालणाऱ्या व्यापाराच्या काळात इथे धम्मासाठी दान देत होती. समुद्र आपल्याला परका नाही, हे या दगडांवर कोरलेले आहे. परतीच्या वाटेवर महाड. चवदार तळे, क्रांतिस्तंभ आणि मुंबई-गोवा रस्त्यालगतची गांधारपाले लेणी एका दिवसात होतात.

शेवटी इतकेच

या सहलीत एकाने समुद्राचा तळ बघितला आणि दुसऱ्याने कुडाचे शिलालेख बघितले, तर दोघांचीही सहल पूर्ण झाली. संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांना काय पाहिले ते सांगावे. ज्याला पाण्याची भीती आहे त्याच्यावर पुढच्या वर्षी उतरण्याचे ओझे टाकू नये. मुलांना मात्र घरी परतल्यावर पोहण्याच्या वर्गात जरूर घालावे, मुलाला घालाल तसे मुलीलाही. चवदार तळ्याच्या काठी आपल्या आजोबा-पणजोबांनी पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळवून दिला. त्या पाण्यात निर्भयपणे पोहायला शिकणे आता आपल्या मुलांच्या हाती आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!