जोडलेली टिपणं : गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिजिटल टिपणं एकमेकांना जोडून आपला अभ्यास हाताशी ठेवण्याची पद्धत फार मोलाची आहे. काही गैरसमजांमुळे मात्र अनेकजण ती अर्ध्यावरच सोडतात.

गैरसमज : ही संगणकाने आणलेली नवी कल्पना आहे.
वस्तुस्थिती : जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांनी १९५०च्या दशकापासून सुमारे ९०,००० कागदी चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येकीला क्रमांक होता आणि एका चिठ्ठीवर संबंधित चिठ्ठ्यांचे क्रमांक नोंदलेले असत. त्या क्रमांकांवरून चिठ्ठी हुडकण्याचे कष्ट संगणकाने वाचवले, इतकंच.

गैरसमज : आधी विषयवार कप्पे पक्के करायला हवेत.
वस्तुस्थिती : पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशासाठी केलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या अकारविल्हे लावल्या आहेत. कोशाला ते योग्यच, कारण तिथे कोणता शब्द शोधायचा हे आधी ठाऊक असतं. अभ्यासकाला मात्र आपण काय शोधतोय हे पुष्कळदा उशिरा उमगतं. महाराष्ट्रातल्या १९७२च्या दुष्काळावरचं टिपण शेतीत ठेवायचं, अर्थकारणात की कायद्यात? कप्पा एकच निवडावा लागतो; दुवे मात्र पाझर तलाव, दुष्काळात वाटलेली सुकडी, स्थलांतर अशा सगळ्यांशी जोडता येतात.

गैरसमज : जितके दुवे जास्त, तितकं ज्ञान जास्त.
वस्तुस्थिती : दुव्यांचं जाळं पडद्यावर सुंदर दिसतं, पण दुवा का जोडला हे लिहिलं नसेल तर काही महिन्यांनी आपल्यालाच ते आठवत नाही. ‘दुष्काळ – रोजगार हमी’ एवढ्याने भागत नाही. ‘दुष्काळात लाखो लोक सरकारी कामांवर आले, पुढे १९७७ साली राज्याने रोजगार हमीचा कायदा केला आणि काम मागणं हा हक्क झाला’ असं लिहिलं की त्या दुव्यात विचार उतरतो.

गैरसमज : लेख उतरवून ठेवले की काम झालं.
वस्तुस्थिती : तो नुसता साठा. वाचलेलं स्वतःच्या शब्दांत मांडताना आपल्याला काय कळलं नाही ते लक्षात येतं. एका टिपणात एकच मुद्दा ठेवला, तर तो कुठेही जोडता येतो.

गैरसमज : चांगलं ॲप मिळाल्याशिवाय हे जमणार नाही.
वस्तुस्थिती : ऑब्सिडियनसारखी ॲप टिपणं साध्या मजकुराच्या फाइलींत आपल्याच संगणकावर ठेवतात. उद्या ॲप बदललं तरी त्या फाइली उघडतात. निवडताना एवढं बघावं आणि सुरुवात करावी : आज वाचलेल्या एका गोष्टीचं टिपण, जुन्या टिपणाशी एक दुवा आणि तो का जोडला याचं एक वाक्य.