क्लोन पशूंचे दूध आणि वैद्यांचे उत्तरदायित्व

शिवाजी पार्कच्या परिसरात, रानडे रोडपासून केळुसकर मार्गापर्यंत ज्यांची चिकित्सालये व औषधालये आहेत, अशा आम्हां वैद्यांना अलीकडे एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. पूर्वी रुग्ण एवढेच विचारीत की, तूप गायीचे घ्यावे की म्हशीचे? आता मैदानाच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचून आलेले ज्येष्ठ नागरिक विचारतात, ‘‘आपण गीर गायीचे तूप लिहून देता, पण आता गीर गायही क्लोन करतात म्हणे. ते तूप चालेल का?’’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घृत आणि दुग्ध ही आपल्या व्यवसायात केवळ अन्ने नसून औषधे आहेत. अच्छस्नेहपान, क्षीरबस्ती, क्षीरपाक, फलघृत, पंचतिक्तघृत, ब्राह्मीघृत अशा कितीतरी कल्पनांचा पाया दूध-तुपावर रचलेला आहे. इतर स्नेहांपेक्षा घृत श्रेष्ठ मानले गेले ते संस्काराचे अनुवर्तन करण्याच्या त्याच्या गुणामुळे. आपला गुण न सोडता दुसऱ्या द्रव्याचा गुण वाहून नेणारे द्रव्य मुळात कोठून आले, हे विचारण्याचा रुग्णास अधिकार आहे आणि त्यास प्रामाणिक उत्तर देणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. त्या दृष्टीने या वादाची वस्तुस्थिती प्रस्तुत लेखात मांडीत आहोत.

क्लोन म्हणजे काय, आणि काय नव्हे

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. देशी गायीवर परदेशी वळूच्या रेताचा वापर करून होते ती संकरित गाय. सजीवाच्या जनुकसंचात बाहेरून एखादे जनुक घातले जाते तेव्हा होते ते जनुकीय परिवर्तन. क्लोन या दोहोंहून भिन्न आहे. एखाद्या उत्तम पशूच्या शरीरातील पेशीचे केंद्रक घेऊन, केंद्रक काढून टाकलेल्या अंडपेशीत ते बसविले जाते. त्यातून वाढलेला भ्रूण दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात ठेवला जातो. जन्मास येणारे वासरू केंद्रकातील जनुकांच्या बाबतीत मूळ पशूचे प्रतिरूप असते. त्यात नवे जनुक घातलेले नसते. मात्र अंडपेशी दुसऱ्या मादीची असल्याने पेशीतील सूत्रकणिका बहुतांशी तिच्याकडून येतात; सबब ‘तंतोतंत तीच गाय’ असे म्हणणे काटेकोरपणे बरोबर ठरत नाही.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. क्लोन पशू वेगळा आणि क्लोन पशूची संतती वेगळी. क्लोन म्हशीस नेहमीच्या वळूच्या रेताने झालेली पारडी ही क्लोन नव्हे. उद्या बाजारात प्रश्न उद्भवलाच तर तो बहुधा या संततीच्या दुधाचा असेल; कारण क्लोन पशू तयार करणे खर्चिक असल्याने त्यांचा उपयोग मुख्यतः पैदाशीसाठीच केला जातो.

स्कॉटलंड ते करनाल

५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमधील रॉझलिन संस्थेत ‘डॉली’ मेंढी जन्मली. २७७ प्रयत्नांतून ती एकच जगली. फेब्रुवारी २००३ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, फुप्फुसाच्या विकारामुळे तिला मरण द्यावे लागले.

आपल्या देशात हे कार्य हरियाणातील करनाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने हाती घेतले. तेथील शास्त्रज्ञांनी महागड्या यंत्रसामग्रीवाचून, हाताने अंडपेशी छेदून काम करण्याची पद्धत म्हशींसाठी विकसित केली. फेब्रुवारी २००९ मध्ये जन्मलेली ‘समरूपा’ ही पारडी काही दिवसच जगली. जून २००९ मध्ये ‘गरिमा’ जन्मली. ती सुमारे दोन वर्षे जगली. ऑगस्ट २०१० मध्ये जन्मलेली ‘गरिमा-२’ मात्र मोठी झाली, आणि जानेवारी २०१३ मध्ये तिला ‘महिमा’ ही पारडी झाली. १६ मार्च २०२३ रोजी याच संस्थेत ‘गंगा’ ही क्लोन केलेली गीर कालवड जन्मली. जन्मतः तिचे वजन ३२ किलो होते. उत्तराखंडच्या पशुधन विकास मंडळाच्या सहकार्याने गीर, साहिवाल, लाल सिंधी अशा देशी गोवंशांसाठी हा प्रकल्प २०२१ मध्ये सुरू झाला होता. रुग्णांच्या मनातील शंकेचे मूळ हे आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे पशू संशोधनसंस्थांच्या गोठ्यांतील आहेत व त्यांची संख्या थोडी आहे. दादरच्या घरोघरी रतिबाने येणारे दूध क्लोन गायीचे असेल ही भीती आज निराधार आहे. भेसळ, अस्वच्छ हाताळणी आणि वनस्पती तुपाचे मिश्रण हे धोके त्याहून कितीतरी जवळचे आहेत.

परदेशातील वाद

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १५ जानेवारी २००८ रोजी आपला अंतिम अहवाल प्रसिद्ध केला. क्लोन केलेली गुरे, डुकरे व शेळ्या यांचे, तसेच त्यांच्या संततीचे मांस व दूध हे सामान्य पशूंच्या मांस-दुधाइतकेच सुरक्षित आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. मेंढ्यांविषयी पुरेशी माहिती नसल्याने त्यांच्यापुरता निष्कर्ष काढलेला नव्हता. वेष्टनावर वेगळा उल्लेख करणे बंधनकारक केले गेले नाही. तेथील ग्राहक संघटनांचा मुख्य आक्षेप यावरच होता. आम्ही काय खातो ते आम्हांस कळू द्या, ही त्यांची मागणी होती.

युरोपात वादाने वेगळे वळण घेतले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही जुलै २००८ मध्ये अन्नाच्या सुरक्षिततेत फरक असल्याचा संकेत मिळत नाही असेच म्हटले. परंतु पशूंच्या आरोग्याविषयी गंभीर चिंता नोंदविली. वारेची विकृती, गर्भ अवाजवी मोठा होणे, कठीण प्रसूती आणि नवजात वासरांचे मृत्यू यांचे प्रमाण क्लोनिंगमध्ये अधिक आढळते. त्याच वर्षीच्या जानेवारीत युरोपीय आयोगाच्या नीतिविषयक सल्लागार गटाने, एवढे दुःख पशूंना देऊन अन्नासाठी क्लोनिंग करणे न्याय्य आहे काय, याविषयी शंका व्यक्त केली होती. ८ सप्टेंबर २०१५ रोजी युरोपीय संसदेने शेतीपशूंचे क्लोनिंग, त्यांची संतती व उत्पादने यांवर बंदी असावी असे मत मोठ्या बहुमताने नोंदविले. मात्र त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. क्लोन पशूपासूनचे अन्न विकण्यास तेथे पूर्वपरवानगी लागते. संततीच्या अन्नास ती लागत नाही.

थोडक्यात, दोन्ही खंडांतील तज्ज्ञ दुधाविषयी जवळपास एकमत आहेत. मतभेद आहेत ते पशूच्या यातनांविषयी व ग्राहकाच्या माहितीच्या हक्काविषयी.

शास्त्राच्या कसोटीवर

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराची आठ विशेष आयतने सांगितली आहेत. त्यांपैकी प्रकृती आणि करण ही दोन येथे लागू पडतात. प्रकृती म्हणजे द्रव्याचा स्वभाव. क्लोन गायीचा स्वभाव मूळ गायीसारखाच असल्याने तिच्या दुधाचा स्वभाव निराळा मानण्यास आधार दिसत नाही. करण म्हणजे संस्कार. परंतु येथील क्रिया भ्रूणावर झालेली असते, दुधावर नव्हे. दूध नेहमीप्रमाणेच स्रवते. सबब ‘हे दूध संस्काराने बिघडले’ असे म्हणणे युक्तीस धरून होणार नाही.

काही वैद्यबंधू वेगळा मुद्दा मांडतात, आणि तो विचारार्ह आहे. गर्भाची घडण मातृज, पितृज, आत्मज, सात्म्यज, रसज व सत्त्वज अशा भावांनी होते. क्लोनमध्ये शुक्र-आर्तवाचा संयोगच घडत नाही. मग ही बीजदुष्टी का मानू नये? आमच्या मते या विचाराचा रोख दुधाकडे नसून गर्भाकडे जातो. गर्भपात, मोठा गर्भ, विकृत वार आणि अल्पायुषी वासरे हे सारे गर्भाच्या घडणीतील दोष होत. युरोपीय शास्त्रज्ञांनी जे निरीक्षणाने पाहिले, त्याकडेच आपले शास्त्र आपल्या भाषेत बोट दाखविते. हानी होते ती पिणाऱ्यास नव्हे, तर वाहणाऱ्या मातेस व वासरास. पथ्य म्हणून लिहून दिलेले दूध कोणत्या मार्गाने मिळाले, याविषयी वैद्याने उदासीन असू नये.

तिसरी कसोटी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात मांसाची परीक्षा सांगताना चर, शरीरावयव, स्वभाव, धातू, क्रिया, लिंग, प्रमाण, संस्कार व मात्रा यांचा विचार करावयास सांगितला आहे. तोच न्याय युक्तीने दुधास लावला तर काय दिसते? पशू कोठे चरतो, काय खातो, हिंडतो-फिरतो की दावणीला जखडलेला असतो, यांवर दुधाचे गुरुलाघव ठरते. रानात चरणारी संकरित गाय आणि शहरातील तबेल्यात केवळ पेंड खाऊन उभी असलेली शुद्ध गीर गाय यांची तुलना करताना निव्वळ वंशाच्या नावावर निर्णय देता येणार नाही. डब्यावरील ‘गीर’ हा शब्द वंश सांगतो, चर आणि क्रिया सांगत नाही. रुग्णाने विचारलेल्या ‘क्लोन आहे का?’ या प्रश्नाआधी ‘काय खाल्लेल्या गायीचे आहे?’ हा प्रश्न आपणच विचारावयास हवा होता.

वांग्याचा धडा

अशा वादांत वैद्यवर्गाचा आवाज ऐकला जातो काय? महाराष्ट्राचा अनुभव होकारार्थी आहे. जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्यास १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्रीय जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने हिरवा कंदील दाखविला. त्यानंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या आरंभी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या व ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यास स्थगिती दिली. त्या निर्णयपत्रात भारतीय चिकित्सापद्धतींच्या वैद्यांनी मांडलेल्या शंकांचीही नोंद आहे. बृहती व कंटकारी या दशमुळांतील वनस्पती वांग्याच्याच कुळातील व प्रजातिगणातील आहेत. तेव्हा ही चिंता आपल्या अधिकारक्षेत्रातील होती.

यातून घ्यावयाचा बोध असा की, विशिष्ट द्रव्य व विशिष्ट शंका घेऊन गेलेल्या वैद्यास सभेत स्थान मिळते. ‘निसर्गाविरुद्ध आहे’ एवढेच म्हणून थांबणाऱ्यास ते मिळेलच असे नाही.

औषधालयातील कर्तव्य

औषधालय-चालकांनी पुढील गोष्टींचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

१. तुपाची स्वतंत्र खरेदी-नोंद ठेवावी. परिशिष्ट ‘टी’ नुसार कच्च्या द्रव्यांची नोंद ठेवणे औषधनिर्मात्यास आवश्यकच आहे. त्यात ‘तूप’ एवढेच न लिहिता गाय की म्हैस, पुरवठादार, गोठ्याचे ठिकाण, चारा, आणि लोणी कढवून काढलेले की मलईपासूनचे, हेही लिहावे. सुटे तूप नोंदीविना घेऊ नये.

२. जे सिद्ध करता येत नाही ते वेष्टनावर छापू नये. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी ‘ए-१’ व ‘ए-२’ हे दावे काढून टाकण्यास सांगितले आणि २६ ऑगस्टला ती सूचना पुढील विचारविनिमयासाठी मागे घेतली. सूचना मागे घेतली गेली तरी मूळ मुद्दा शिल्लक राहतो. हा भेद बीटा-केसीन या प्रथिनाच्या ६७व्या स्थानावरील घटकाचा आहे. तूप हा स्नेह असून त्यात प्रथिन जवळपास नसते. ‘ए-२ तूप’ म्हणून दुप्पट मोल घेणे वैद्यकीस शोभत नाही. ‘क्लोनमुक्त’ असा शिक्का मारून उद्या कोणी नवी भीती विकू लागल्यास त्यातही आपण सहभागी होऊ नये.

३. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातील कलम २२ नवीन प्रकारच्या अन्नाच्या विक्रीवर नियंत्रण ठेवते. क्लोन पशूंचे दूध कधी बाजारात येणार असल्यास त्याचा स्पष्ट उल्लेख वेष्टनावर असावा, आणि पैदाशीसाठी वापरलेल्या क्लोन वळूंच्या संततीची नोंद ठेवली जावी, अशी मागणी वैद्यसंघटनांनी प्राधिकरणाकडे आजच लेखी करावी. दूध एकदा संकलन केंद्रात एकत्र झाले की त्याचा माग काढणे अशक्य होते.

४. रुग्णास द्यावयाचे उत्तर सोपे असावे: ‘‘आज आपल्याकडे मिळणारे तूप क्लोन गायीचे नाही. असे दूध विषारी असल्याचा पुरावाही नाही. परंतु मी लिहून दिलेले तूप कोठून येते ते मला ठाऊक आहे. हवे तर ही नोंद पाहा.’’

या उत्तरातील पहिली दोन वाक्ये कोणीही उच्चारू शकेल. तिसरे वाक्य खरेपणाने उच्चारता यावे यासाठी मात्र औषधालयात नोंदवही असावी लागते, आणि पुरवठादाराच्या गोठ्यात एकदा तरी स्वतः जाऊन यावे लागते. पुढील तूप-खरेदीपूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने एवढे अवश्य करावे.