झोतभट्टीत जाणारा समुद्र

दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडक यांच्या आधारावर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कार्यान्वित झाली. भट्टीत पडलेला चुनखडक खनिजातील अशुद्ध द्रव्ये आपल्याकडे ओढून घेतो आणि मळीच्या रूपाने बाहेर येतो. पोलादनगरीतील बहुतेकांचा या दगडाशी परिचय एवढाच. जीवाश्मसंग्रहाचा छंद असणारा मात्र त्याच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतो आणि बहुधा प्रथम निराश होतो.

त्याला हवा असतो ट्रायलोबाइट. खेकडे, विंचू यांच्या कुळाशी दूरचे नाते सांगणारा हा समुद्रजीव सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी अवतरला आणि सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाला. त्याच्या २०,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. तो वाढताना कात टाकी. त्यामुळे सापडतात ते पुष्कळदा कातीचे सुटे तुकडे. डोके, धड आणि शेपूट अखंड असलेला नमुना मिळतो तो गाळाने जीव क्षणात गाडला गेला असेल तरच. काही तर पैसाकिड्यासारखे अंग वळवून घेतलेल्या अवस्थेतच दगड झाले आहेत. असा नमुना खडकातून मोकळा करण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली सुईने तासन् तास काम करावे लागते.

भारतात ट्रायलोबाइट मिळतात ते हिमालयात. हेन्री हेडन यांनी स्पितीतून आणलेल्या नमुन्यांचे वर्णन रीड यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केले. बाजारात मोरोक्कोचे नमुने विपुल दिसतात. पण त्यांत राळेचे ओतीव आणि जोडकाम केलेलेही असतात. पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे दिसली, किंवा दोन नमुने हुबेहूब सारखे निघाले, तर ग्राहकाने पाकीट खिशातच ठेवावे हे बरे!

भिलाईच्या परिसरात ट्रायलोबाइट शोधणे व्यर्थ, कारण येथील चुनखडक सुमारे १०० कोटी वर्षांचा, म्हणजे पहिल्या ट्रायलोबाइटच्या जवळजवळ दुप्पट वयाचा आहे. छत्तीसगडमध्ये सागरी शिंपले पाहायचे तर हसदेव नदीकाठी मनेंद्रगडला जावे. तेथील थर सुमारे २८ कोटी वर्षांचा असून राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. तेथून खडाही उचलू नये.

मग भिलाईच्या वाट्याला काय? स्ट्रोमॅटोलाइट. उथळ समुद्रात नीलहरित सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांवर गाळ साचत गेला आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या कमानी घडल्या. छत्तीसगडच्या चुनखडकांत त्या ठिकठिकाणी आढळतात. या जीवांना ना डोळे, ना पाय. काचेच्या कपाटात ते ट्रायलोबाइटपुढे फिके पडतील. परंतु अशाच सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या प्राणवायूमुळे आदिसागरातील विरघळलेले लोह तळाशी बसले, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. दल्ली-राजहऱ्याचे खनिज अशाच पट्टेदार लोहखडकांतले, या चुनखडकाहून कितीतरी जुने. भट्टीत एकत्र येतात ते हे दोघे दूरचे आप्त.

भट्टीत गेलेला थर पुन्हा मिळत नाही. म्हणून रीतसर परवानगीने मिळालेला एखादा तुकडा कापून, घासून, पाण्याने ओला करून पाहावा. कमानी लख्ख उमटतात. मागे चिठ्ठी चिकटवावी: ठिकाण, थर, दिनांक. चिठ्ठीवाचून उत्तम नमुनाही अभ्यासकाला व्हाउचरशिवायच्या नोंदीसारखाच.