दोन ठिकाणचा एक शिव

मुंबईतली प्रदर्शनं आणि सांस्कृतिक कार्यक्रम असा विषय जाहीर झाला की श्रोत्यांना यादीची अपेक्षा असते. कुठं काय चालू आहे, तिकीट किती, सुट्टी कोणत्या वारी. ती माहिती आता मोबाइलवर मिळते आणि आमच्यापेक्षा ताजी मिळते. आमच्यापर्यंत जो प्रश्न वारंवार येतो तो वेगळा आहे. ‘सर, आम्हाला त्यातलं काही कळत नाही, मग जाऊन करायचं काय?’ हे विचारणारा माणूस कित्येकदा काळा घोड्यावरून रोज ऑफिसला जाणारा असतो. जहांगीर आर्ट गॅलरीत शिरायला पैसे पडत नाहीत, हेही त्याला ठाऊक असतं. तरी तो आत जात नाही. या प्रश्नाला हसून चालणार नाही, कारण त्याच्या पोटात एक गृहीत आहे : आधी कळायचं, मग पाहायचं. हा क्रम आपल्याला कोणी घालून दिला?

एकच उदाहरण घेऊ आणि शक्यतो त्यालाच धरून राहू. १९३१ साली परळला रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून एक प्रचंड शिल्पशिळा निघाली. उंची सुमारे साडेतीन मीटर, म्हणजे आपल्या फ्लॅटच्या छतालाही ती मावणार नाही. मध्यभागी शिव सरळ उभा आहे. त्याच्या खांद्यामागून वर दुसरा शिव उगवतो, त्याच्यावर तिसरा. आणि दोन्ही बाजूंना तिरकस दिशेनं आणखी आकृती बाहेर झेपावतात. अशा एकंदर सात. पायथ्याशी गण बसले आहेत, काहींच्या हातात वाद्यं आहेत. काळ साधारणपणे इसवी सनाचं पाचवं-सहावं शतक मानतात. ही शिळा परळच्या बारादेवीच्या देवळात आहे आणि आजही पूजेत आहे. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे ती तिची प्लास्टरची प्रतिकृती.

गंमत पाहा. अस्सल वस्तू संग्रहालयात आणि नक्कल बाहेर, असा आपला सर्वसाधारण समज. इथं नेमकं उलट झालं आहे.

आता दोन्हींपैकी खरं पाहणं कुठलं? देवळात आपण शिल्प पाहत नाही, दर्शन घेतो. चपला बाहेर, हात जोडलेले, समोर फुलं. तिथं ‘या मूर्तीच्या कमरेची रेषा बघ’ असं कोणी म्हणत नाही. संग्रहालयात मात्र आपण दोन पावलं मागं सरतो, बाजूनं बघतो, गण मोजतो. मग ध्यानात येतं की ही सात निरनिराळी माणसं नव्हेत. एकच देह वाढत चालला आहे. झाडाला फांद्या फुटाव्यात तसा.

कांटनं १७९० सालच्या आपल्या सौंदर्यमीमांसेत या दुसऱ्या पाहण्याचं वर्णन केलं आहे. तिथं तो एका राजवाड्याचं उदाहरण घेतो. राजवाडा सुंदर आहे का, असं विचारलं तर कोणी म्हणेल, नुसतं डोळे विस्फारून बघायला बांधलेल्या वस्तू मला आवडत नाहीत. कोणी गरिबांच्या घामावर उधळपट्टी केली म्हणून रागावेल. आणि इरोक्वा जमातीचा एक प्रमुख म्हणे, त्याला अख्ख्या पॅरिसमध्ये खानावळीच तेवढ्या आवडल्या! कांट म्हणतो, हे सगळं मान्य, पण प्रश्न तो नव्हता. वस्तू मला हवी की नको, ती उपयोगाची की निरुपयोगी, हे बाजूला ठेवून ती नुसती पाहताना काय होतं, हा प्रश्न आहे. (आम्हाला मात्र त्या प्रमुखाबद्दल सहानुभूती आहे. जहांगीरमधलं समोवार १९६४ साली सुरू झालं आणि २०१५ साली बंद झालं. तोवर कित्येक लोक चित्रांच्या निमित्तानं तिथं खायला आणि खाण्याच्या निमित्तानं चित्रांकडे जात असत. दोन्ही रस्ते चांगलेच.)

पण एवढ्यावर थांबलं तर देवळातला माणूस अडाणी आणि संग्रहालयातला रसिक, असा निष्कर्ष निघेल. तो आम्हाला मान्य नाही. इथं अभिनवगुप्त उपयोगी पडतो. रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं त्यानं सांगितली आहेत. त्यांतलं एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. कर्जाचा हप्ता, मुलीचा निकाल, चुकलेली लोकल डोक्यात घेऊन माणूस समोरचं पाहूच शकत नाही. यावरचा उपाय तो गायन-वादन, सजवलेला मंडप यांत शोधतो. म्हणजे माणसाला आधी त्याच्या खाजगी काळजीतून हळूच उचलून घ्यायचं. आपल्या नाटकाची तिसरी घंटा आणि अंधार होत जाणारं सभागृह तेच काम करतात. देवळाची घंटाही, आमच्या मते, तेच करते.

मंडप सजवलेलाच लागतो असंही नाही. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’नं नाटकं केली. शाळेचं सभागृह ते, तिथं कसला आलाय मखमली पडदा! पण नट हाताच्या अंतरावर, त्यामुळे आपली काळजी कुरवाळत बसायला जागाच उरत नसे.

म्हणून संग्रहालयात एखाद्या विष्णूसमोर कोणी हात जोडले की शेजारची शिकलेली मंडळी जे गालातल्या गालात हसतात, ते आम्हाला खटकतं. हात जोडणारा निदान थांबला आहे. हसणारा पुढच्या दालनाकडे निघालाही.

संग्रहालय ही मुळात जागच्या हललेल्या वस्तूंची जागा असते. घारापुरीला ‘एलिफंटा’ हे नाव ज्या दगडी हत्तीमुळं पडलं तो आज बेटावर नाही, भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. काळ्या घोड्यावर बसलेला सातवा एडवर्डही १९६५ साली रस्त्यावरून हलला आणि भायखळ्यालाच गेला. चौकाचं नाव तेवढं मागं राहिलं. २०१७ साली तिथं नवा घोडा आला, तो स्वाराविना. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीतच नाशिकच्या एका जुन्या वाड्याचं कोरीव लाकूडकाम बसवलेलं आहे. घुमटाखाली उभं राहून मान वर केली की पहिल्या मजल्याच्या कठड्याशी ते दिसतं. बहुतेक लोक तिकीट दाखवून तडक पुढे जातात.

वस्तू जागची हलली म्हणून ती आपल्याला निवांत पाहता येते, आणि जागची हलली म्हणूनच तिच्यातलं काहीतरी आपल्याला दिसेनासं होतं. ही दुसरी बाजू भरून काढायला पाटीवरची माहिती पुरत नाही. पण मुंबईत राहणाऱ्याला एक सोय आहे : मूळ जागा बस-लोकलच्या अंतरावर असते. परळची शिळा ज्यांच्या वस्तीत निघाली ते गिरणगावातले लोक. ‘कळत नाही’ म्हणणाऱ्यांत त्यांचीच नातवंडं असतील, तर त्यांना आम्ही सांगू की अर्धं तुमच्या घरात आधीच आहे.

तेव्हा ‘काय करायचं’ याचं आमचं उत्तर असं. एका दिवशी एकच गोष्ट. आधी फोर्टात जाऊन ती प्रतिकृती पाहा. पाटी शेवटी वाचा. अर्धा तास तिथंच काढा. कंटाळा आला तर येऊ द्या, पहिल्या दहा मिनिटांनंतर तो बहुधा येतोच आणि बहुधा जातोही. सात आकृती शोधा, कोणती कुठून निघते ते बघा. मग दुसऱ्या एखाद्या दिवशी परळला जा. दर्शन केव्हा मिळेल ते आधी विचारून घ्या, चपला बाहेर काढा, मोबाइल खिशात असू द्या.