युक्रेनी संकेतस्थळे आणि शोधयंत्राची नोंदवही

युक्रेनच्या पश्चिमेकडील एका जुन्या शहराला चार भाषांत चार नावे आहेत. युक्रेनी भाषेत ते ल्वीव, रशियनमध्ये ल्वोव, पोलिशमध्ये ल्वूफ आणि जर्मनमध्ये लेम्बर्ग. १७७२ ते १९१८ या काळात हे शहर ऑस्ट्रियाच्या राज्यात होते. दोन महायुद्धांच्या दरम्यान पोलंडकडे आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघराज्यात होते. १९९१ पासून ते स्वतंत्र युक्रेनमध्ये आहे. राज्ये बदलली, पण नावे मागे राहिली. बडोदे आणि वडोदरा, बेळगाव आणि बेळगावी अशी दुहेरी नावे रोज ऐकणाऱ्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. नावे निराळी असली तरी गाव एकच, हे माणूस संदर्भाने ओळखतो. इंटरनेटवरील शोधयंत्राला मात्र हे ओळखणे इतके सोपे नसते. त्याची चूक झाली, तर एखाद्या भाषेतील दुकान, ग्रंथालय किंवा वृत्तपत्र ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याच नजरेआड राहते.

शोधयंत्र करते काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. ते असंख्य संकेतस्थळांची पाने वाचून त्यांची एक प्रचंड सूची तयार ठेवते आणि कोणी प्रश्न विचारताच तीतून उत्तरे काढून देते. पान कोणत्या भाषेत आहे आणि कशाविषयी आहे, हे ते बहुतांशी मजकुरावरून अनुमानाने ठरवते. मजकूर भरपूर असला की हे अनुमान सहसा बरोबर येते. युक्रेनी वर्णमालेत ३३ अक्षरे आहेत आणि त्यांपैकी चार अक्षरे आजच्या रशियन वर्णमालेत नाहीत. त्या चारांतील ‘ग’ या ध्वनीचे अक्षर सोव्हिएत राजवटीने १९३३ मध्ये वर्णमालेतून काढून टाकले होते. ते १९९० मध्ये परत आले. लांबलचक लेखात ही अक्षरे वारंवार येतात आणि भाषा उघड होते.

पण दुकानाच्या पानावर मजकूर थोडाच असतो. तेथे वस्तूचे नाव, किंमत आणि पत्ता यापलीकडे फारसे काही नसते. ‘पुस्तक’ या अर्थाचा शब्द युक्रेनी आणि रशियन या दोन्ही भाषांत त्याच पाच अक्षरांनी लिहितात. युक्रेनी माणूस तो ‘क्निहा’ असा वाचतो आणि रशियन माणूस ‘क्नीगा’ असा. ‘टेलिफोन’ हा शब्दही दोन्हीकडे सारखाच लिहिला जातो. भरीस भर म्हणजे मराठीत ‘पुणे’ या नावाचे ‘पुण्याला’ होते, त्याप्रमाणे युक्रेनीतही नामाला विभक्ती लागताना त्याचे रूप पालटते. ‘ल्वीवचा’ म्हणताना मूळ नावातील स्वर बदलून ‘ल्वोवा’ होते, आणि हे रूप लिहिताना रशियन रूपाशी अक्षरशः जुळते. अशा ठिकाणी इंटरनेटवर ज्या भाषेचा मजकूर कितीतरी अधिक आहे, तिच्याकडे यंत्राचे अनुमान झुकण्याचा धोका असतो.

या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. युक्रेनच्या संसदेने एप्रिल २०१९ मध्ये राजभाषेचा कायदा संमत केला. त्यातील एका कलमानुसार १६ जुलै २०२२ पासून देशातील वृत्तसंकेतस्थळांची आणि वस्तू विकणाऱ्या संकेतस्थळांची युक्रेनी आवृत्ती असणे आणि देशातील वाचकासमोर तीच प्रथम उघडणे बंधनकारक झाले. अनेक व्यापाऱ्यांची संकेतस्थळे तोवर मुख्यतः रशियन भाषेत होती. त्यांनी युक्रेनी पाने तयार केली. परंतु पान तयार करणे आणि ते शोधयंत्राला नीट ओळखू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथे स्ट्रक्चर्ड डेटा, म्हणजे सुसंघटित माहिती, उपयोगी पडते. मोठ्या ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तकाचे एक सूचिपत्र असते. ग्रंथाचे नाव, कर्ता, भाषा आणि वर्ष ही माहिती त्यावर ठरलेल्या जागी लिहिलेली असते, म्हणून ग्रंथपालाला पुस्तक उघडून वाचावे लागत नाही. संकेतस्थळाच्या पानाला जोडलेले असेच सूचिपत्र म्हणजे सुसंघटित माहिती. ते वाचकाला दिसत नाही. ते यंत्रासाठी असते. त्यात कोणते रकाने असावेत, हे ठरवण्यासाठी गूगल, बिंग आणि याहू यांनी जून २०११ मध्ये स्कीमा डॉट ऑर्ग हा सामायिक शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. मद्रासच्या आय. आय. टी.त शिकलेले संगणकशास्त्रज्ञ रामनाथन गुहा यांचा त्याच्या उभारणीत प्रमुख वाटा होता. ही माहिती लिहिण्याची आज सर्वांत सोयीची समजली जाणारी पद्धत जेसन-एलडी या नावाने ओळखली जाते. तिला २०१४ मध्ये अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला.

समजा, ल्वीवमधील एका पुस्तकविक्रेत्याला आपल्या पानाला असे सूचिपत्र जोडावयाचे आहे. रकान्यांची नावे इंग्रजीतच ठेवावी लागतात. त्यांचे भाषांतर केले तर यंत्राला ती कळत नाहीत. रकान्यांतील मजकूर मात्र युक्रेनी असावा. दुकानाचे नाव आणि पत्ता पानावर जसा छापला असेल तसाच द्यावा. दिनांक वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आकड्यांत लिहावा; कारण युक्रेनीत जुलैला ‘लीपेन’ म्हणतात, आणि लिंडेनच्या झाडावरून आलेल्या या नावाचा रशियन नावाशी काहीच संबंध नाही. युक्रेनमध्ये किमतीतील अपूर्णांक स्वल्पविरामाने दाखवण्याची रीत आहे. सूचिपत्रात तेथे बिंदूच द्यावा लागतो. चलन ‘रिव्निया’ असे न लिहिता त्याचा ‘यू-ए-एच’ हा आंतरराष्ट्रीय संकेत लिहावा.

पुस्तकाच्या कर्त्याचे नाव हा तर कसोटीचाच भाग आहे. मराठी वाचकांच्या परिचयाचा निकोलाय गोगोल १८०९ मध्ये युक्रेनमध्ये जन्मला आणि त्याने रशियनमध्ये लिहिले. युक्रेनी पुस्तकावर त्याचे नाव ‘मिकोला होहोल’ असे येते. आडनावाची अक्षरे तीच राहतात, पण पहिले नाव बदलते. अशा वेळी मुख्य नाव युक्रेनी देऊन दुसरे नाव पर्यायी नावाच्या रकान्यात लिहिता येते. त्याबरोबरच विकिडेटा या मुक्त माहितीकोशातील त्या व्यक्तीच्या नोंदीचा पत्ता देता येतो. त्या कोशात प्रत्येक व्यक्तीला आणि स्थळाला स्वतंत्र क्रमांक असतो आणि तो भाषेवर अवलंबून नसतो. नावे कितीही असली तरी माणूस एकच, हे यंत्राला त्यावरून कळते. पुस्तकाची भाषा युक्रेनी आहे आणि ते अमुक रशियन कृतीचे भाषांतर आहे, हेही स्वतंत्र रकान्यांत नमूद करण्याची सोय आहे.

या कामात दोन चुका विशेष घडतात. पहिली भाषेच्या संकेताची. युक्रेनी भाषेचा आंतरराष्ट्रीय संकेत ‘यू-के’ आहे आणि युक्रेन देशाचा ‘यू-ए’. ‘यू-के’ म्हणजे ब्रिटन अशी समजूत रुजलेली असल्याने भाषेच्या जागी देशाचा संकेत लिहिला जातो आणि ती खूण निरुपयोगी ठरते. युक्रेनी व रशियन पानांची जोडी दाखवणाऱ्या खुणेत तर हा संकेत अचूक हवाच. शिवाय प्रत्येक पानाने दुसऱ्याचा निर्देश केला पाहिजे, एकतर्फी निर्देश धरला जात नाही. दुसरी चूक डोळ्यांना दिसतच नाही. युक्रेनी लिपीतील ‘इ’ हे अक्षर रोमन लिपीतील ‘आय’सारखेच दिसते. टंकताना घाईने रोमन अक्षर पडले, तर वाचकाला ‘ल्वीव’ बरोबर दिसते, पण यंत्राच्या लेखी तो शब्दच निराळा होतो.

एवढे सगळे केल्याने पान शोधाच्या उत्तरांत सर्वांत वर येते काय? तसे नाही. अशी माहिती जोडल्याने क्रमांक वर चढेल, असे आश्वासन गूगल देत नाही. तिच्यामुळे किंमत, वेळ किंवा छायाचित्र उत्तराबरोबर ठळकपणे दिसण्याची पात्रता तेवढी येते, आणि हे नियमही बदलतात. प्रश्नोत्तरांची यादी उत्तराखाली दाखवण्याची सवलत गूगलने ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक संकेतस्थळांची काढून घेतली. शिवाय सूचिपत्रात जे लिहिले ते पानावरही दिसले पाहिजे. वाचकाला न दिसणारी प्रौढी यंत्राला सांगितल्यास ती सोय बंद होऊ शकते. पानाची भाषा ठरवताना तर गूगल मुख्यतः मजकूरच पाहते. तेव्हा शुद्ध आणि पुरेसा युक्रेनी मजकूर हा पाया. सूचिपत्राचे काम त्यानंतरचे.

तरीही त्या कामाचे मोल लहान नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले आणि लक्षावधी लोकांना घर सोडून अनोळखी शहरांत जावे लागले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले आणि त्या हिवाळ्यात अनेक ठिकाणी वीज तासन्‌तास जाऊ लागली. अशा वेळी परक्या गावात औषधाचे दुकान शोधणारी आई फोनवर आपल्याच भाषेत चार शब्द टंकते. दुकानाचा पत्ता आणि उघडे असण्याची वेळ सूचिपत्रात बरोबर असेल, तर तिची पायपीट वाचते. ती माहिती जुनी राहिली असेल, तर ती बंद दारापाशी जाऊन उभी राहते. सूचिपत्र एकदा लिहून भागत नाही. ते खरे ठेवावे लागते.

मराठी संस्थांनाही यातून घेण्यासारखे आहे. युक्रेनी आणि रशियन यांची लिपी जशी एका घराण्यातील, तशी मराठी आणि हिंदी यांची देवनागरी सामायिक. इंदूर किंवा ग्वाल्हेर येथील एखाद्या मराठी वाचनालयाच्या पानावर नाव, पत्ता आणि वेळ एवढाच मजकूर असेल, तर ते हिंदी समजले जाणे अशक्य नाही. मराठीचा भाषासंकेत ‘एम-आर’ आहे. देशांच्या यादीत हीच दोन अक्षरे आफ्रिकेतील मॉरिटानियाची आहेत. आपण कोण आणि कोणत्या भाषेचे, हे आपणच स्पष्ट लिहून ठेवले नाही, तर ते दुसऱ्याच्या अनुमानावर सोपवल्यासारखे होते. युक्रेनमधील पुस्तकविक्रेत्यांना आणि संपादकांना याचा अनुभव आला आहे.